मंजूर जागा दहा

शाळेत जागा दहाच होत्या आणि तो दहाचा आकडा माझ्या हातचा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी सरकारवर भरपूर तोंडसुख घेणार आहे आणि ते घेताना माझा स्वतःचा वाटा लपवायचा नाही.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा नवरा प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होता, आणि रिटायर झाला तेव्हाही थोडाफार क्लार्कच होता. सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे चार हात बाग. मुलगी एकच. ती बसायला लागली दोन वर्षांची झाल्यावर, चालली साडेतीनला, आणि पहिला धड शब्द बोलली तेव्हा तिच्या बरोबरीची शेजारची पोरगी पाढे म्हणत होती. एका डॉक्टरांनी तिला दोन मिनिटं पाहिलं, चिठ्ठीवर एक शब्द लिहिला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तो शब्द मी इथे लिहीत नाही. तेव्हा सगळे तो सर्रास वापरत. मीही अर्जांमध्ये वापरला आहे, कारण त्याच्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे.

नेहमीच्या शाळांनी तिला परत पाठवलं. एकीने तर तिसऱ्या दिवशी पाठवलं, डबा न खाताच. अशी परत आलेली मुलं सेक्टरांतून आणखी होती, आणि त्यांच्या आया एकमेकींना दवाखान्याच्या रांगेत भेटत. त्यातूनच आमची शाळा निघाली. क्लबच्या मागे दोन खोल्या होत्या, तिथे मांडवाचं सामान पडलेलं असे. ते हलवून घेतलं. क्लबमधल्या साहेबिणींनी पहिल्या वर्षी फार जीव लावला, फोटोही काढून घेतले. केरळहून एक बाई मिळाली. हे काम ती दूर कुठेतरी रीतसर शिकून आली होती आणि तिची हिंदी सगळीच्या सगळी मल्याळी चालीवर होती. माझी मुलगी बोलायला शिकली ती तिच्याकडून. त्यामुळे घरी आमच्यासारखी वऱ्हाडी वळणाची मराठी आणि बाहेर केरळी सुरातली हिंदी, असा तिचा थाट होता. ऐकणाऱ्याला हसू यायचं. मला तर नाचावंसं वाटायचं.

दोन वर्षांत साहेबिणींचा जीव लावून संपला. बाईचा पगार आणि मुलांना आणणारी रिक्षा, दोन्ही अडकलं. मग कळलं की सरकार अशा शाळांना अनुदान देतं. अर्ज दुर्गच्या ऑफिसात द्यायचा, तो भोपाळला जाणार. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि भोपाळ म्हणजे आगगाडीत एक अख्खी रात्र. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि नवरा क्लार्क. म्हणजे घरात कागदाची भीती नाही, असा लोकांचा समज.

अर्जात एक रकाना होता, जागा किती हव्यात. सगळे म्हणाले, वीस लिहा. मी म्हटलं, मुलं दहा आहेत. उद्या साहेब मोजायला आला तर उरलेली दहा कुठून आणू? नवऱ्यानेही माझी बाजू घेतली. "खोटं लिहिलं का फसलं," तो म्हणाला. "टाइम ऑफिसात मी रोज पाहून राहिलो." आम्ही दोघं असे कागदावर खरं लिहिणारे, आणि त्याचा आम्हाला गर्वच होता. मी ऐटीत दहा लिहिलं, आकड्यात आणि अक्षरातही.

आठ महिन्यांनी भोपाळहून आदेश आला. मंजूर जागा दहा. खाली अटी होत्या. चौथी अट अशी, की मुलांची संख्या दहापेक्षा कमी झाली तर अनुदान आपोआप बंद होईल. पाचवी अशी, की एखादी जागा रिकामी झाली तर नव्या मुलाचं नाव वर पाठवायचं, आणि मंजुरी आल्यानंतरच ते नाव मोजलं जाईल. मी सगळ्या पालकांसमोर आदेश मोठ्याने वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. त्या दोन अटी एकमेकींत कशा अडकल्या आहेत हे एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर दोनदा वाचला होता.

लक्षात आलं ते दीड वर्षाने. नवं नाव पाठवायचं तर आधी जागा रिकामी हवी. जागा रिकामी झाली की मुलं नऊ. नऊ झाली की अनुदान बंद. अनुदान बंद झालेल्या शाळेसाठी नव्या नावाला मंजुरी कोण देणार? म्हणजे एकही मूल बाहेर पडू शकत नव्हतं आणि एकही आत येऊ शकत नव्हतं. एका मुलाच्या वडिलांची बदली झाली, तर आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून मुलाला आणि त्याच्या आईला इथेच ठेवून घेतलं. तो बाप दोन वर्षं दुसऱ्या गावी एकटा खिचडी शिजवत होता. दुसरीकडे सुपेल्याहून, दुर्गहून, पार धमध्याकडून बाया आपली लेकरं घेऊन माझ्या दारात येत. खोलीत एक बाक मोकळं दिसत असे. मी वहीत नाव लिहून घेई आणि सांगे, कळवते. वही भरत गेली. मी कुणालाच काही कळवलं नाही.

आता माझ्या पोरीचं सांगते. नऊ वर्षांची झाली तेव्हा ती धडा वाचायला लागली. अडखळत, पण वाचायची. शंभरपर्यंत मोजायची. बेरीज बोटांवर, वजाबाकीला रुसायची. एका जूनमध्ये केरळची बाई आमच्या घरी आली, चहा न घेता बसली आणि म्हणाली, तुमची मुलगी आता माझ्याकडे नको, नेहमीच्या शाळेत जायला हवी. इथे राहिली तर इथेच राहील. सेक्टरातल्या प्राथमिक शाळेच्या मोठ्या बाईंशी तिने परस्पर बोलूनही ठेवलं होतं. मोठ्या बाई येऊन मुलीला बघून गेल्या, दुसरीत घेते म्हणाल्या. ते दोन-तीन दिवस मी जमिनीवर नव्हते. दप्तर आणलं, गणवेशाचं कापड आणलं, मशीनवर बसून स्कर्ट शिवला.

चौथ्या दिवशी बोरसीचा बाप आला. त्याला मी बोरसीचा बाप म्हणते कारण तो बोरसी गावाहून सायकलवर मुलीला शाळेत आणायचा. रिक्षा तिकडे जात नसे. रसमड्याच्या एका कारखान्यात मजुरी, बायको घरोघरी कामाला. शाळा मिळण्याआधी ती बाई कामाला जाताना मुलीला लुगड्याच्या पट्टीने खाटेला बांधून जायची. दुसरा इलाज नव्हता, मुलगी रस्त्यावर धावत सुटायची. तिच्या पायाच्या घोट्यावरचा वण मी पाहिला होता. चौदा वर्षांची ती पोर आता आमच्या शाळेत मेणबत्त्यांचे दोरे कापायची आणि कुणी आलं की खुर्ची पुसून द्यायची.

तो आत आला नाही. दारातच उकिडवा बसला आणि म्हणाला, "एक बछर अउ राहन दे दीदी." फक्त एक वर्ष आणखी राहू दे. तेवढ्यात भोपाळहून काहीतरी होईल. त्याने आवाज चढवला नाही, रडलाही नाही. रडला असता तर मला रागावता आलं असतं. मी आत बघितलं तर माझी मुलगी नवा स्कर्ट घालून आरशासमोर उभी होती.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "एक वर्षानं काय होते? तिचं वय थोडीच पळून राहिलं. आपलं नाव काढून घेतलं तर त्या पोरीले पुन्हा बांधतीन." मी म्हटलं, "आणि आपली?" त्यावर त्याने पेपर वर केला. मला दोघांचाही राग आला, नवऱ्याचा आणि त्या बापाचा, आणि सगळ्यात जास्त त्या रकान्याचा, जिथे मी ऐटीत दहा लिहिलं होतं. मोठ्या बाईंकडे जाऊन सांगितलं, पुढच्या वर्षी. त्या म्हणाल्या, मुलीच्या बाबतीत असं पुढच्या वर्षावर टाकू नये. बरोबरच बोलत होत्या, म्हणून मी त्यांच्याशी भांडले.

तेवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण पावसाळा सरता सरता तपासणीचं पत्र आलं. भोपाळचा अधिकारी येणार, प्रत्येक मुलाला स्वतः प्रश्न विचारणार. दुर्गच्या ऑफिसातून कुणीतरी कानावर घातलं, की हा साहेब वाचता-लिहिता येणाऱ्या मुलांची नावं कापतो. यांना अशा जागेची गरज नाही, असा शेरा मारतो. आमच्या दहांत वाचता येणारी एकच होती.

केरळच्या बाईला मी म्हटलं, त्या दिवसापुरतं तिला गप्प राहायला सांगा. ती म्हणाली, चार वर्षं मी तिला उत्तर द्यायला शिकवलं, हे माझ्याकडून होणार नाही. तुम्ही आई आहात, तुम्हीच सांगा.

मग मीच सांगितलं. स्वयंपाकघरात पाटावर बसून, नवऱ्याचा चष्मा लावून मी साहेब झाले. "बेटी, तुम्हारा नाम क्या है?" तिने खणखणीत नाव सांगितलं. मी म्हटलं, नाही, साहेबाने विचारलं की बोलायचं नाही. तिला तो खेळ वाटला, ती हसत सुटली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाव. मग मी शेंगदाण्याचा लाडू काढला. गप्प राहिली की अर्धा. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, पुस्तक पुढे धरलं, आणि ती ओठ मिटून माझ्याकडे बघत राहिली. लाडू दिला तर तो तिने ताटलीत तसाच ठेवला.

साहेब भला माणूस निघाला. तोच तर घोटाळा झाला. खेकसणारा असता तर मनाला बरं वाटलं असतं. तो मुलांच्या उंचीला वाकून बोलत होता. माझ्या मुलीला त्याने नाव विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले. त्याने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, पुस्तकातलं चित्र दाखवलं, हे काय, गाय की घोडा. तिला घोडा येत होता. घोडा तिला फार आवडायचाही. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली. साहेबाने सुस्कारा टाकून कागदावर लिहिलं आणि पालकाची सही म्हणून माझ्यापुढे धरलं. प्रगती नाही, प्रश्नांची उत्तरं देत नाही. मी खाली सही केली. "धीरज रखिए बहनजी," तो मला म्हणाला. बोरसीचा बाप कोपऱ्यात हात जोडून उभा होता. मला कुणाच्याच तोंडाकडे बघवेना. लाज वाटली, इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

अनुदान राहिलं. वर्ष गेलं. भोपाळहून काहीही झालं नाही, होणारही नव्हतं. पुढचा जून आला तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, की आता कुणाचं ऐकायचं नाही. मोठ्या बाईंकडे गेले, माफी मागितली. त्या खमक्या होत्या, पण मनाने चांगल्या. म्हणाल्या, तिसरीत बसवू, मी मेहनत घेते, तुम्ही फक्त टीसी आणा. अनुदानाच्या जागेवरची मुलगी आहे, म्हणून टीसीवर दुर्गच्या ऑफिसचा शिक्का लागेल. पंधरा जुलैपर्यंत जागा धरून ठेवते.

केरळच्या बाईने टीसी त्याच दिवशी लिहून दिली. बाकी मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्याची पहिली पाळी होती. त्याला डबा देऊन मी मुलीला तयार केलं. मागच्या वर्षीचा स्कर्ट आखूड झाला होता, त्याची खालची पट्टी उसवून लांब केला होता. सुपेल्याहून टेम्पो धरला. वाटभर ती दुकानांच्या पाट्या वाचत होती. मला इतकं हलकं वाटत होतं, की दुर्ग येईपर्यंत बोरसीच्या मुलीचा विचार एकदाही मनात आला नाही. आला असेल, पण मी त्याला बसू दिलं नाही.

ऑफिसातला बाबू वयस्कर होता, खांद्यावर गमछा. बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. टीसी पाहिली आणि मागच्या कपाटातून आमची फाइल काढली. पानं उलटत एका पानावर थांबला. ते पान मला उलटंसुद्धा ओळखू आलं, खाली माझं चांगलं अक्षर होतं.

"बहनजी, दस महीने पहले तो लिखा है कि जवाब नहीं देती," तो म्हणाला. "दस्तखत आपके हैं ना?"

मी म्हटलं, माझेच.

त्याने मला सगळं नीट समजावून सांगितलं, चिडून नाही, शाळेत शिकवतात तसं. टीसीवर शिक्का मारायचा तर मुलगी नेहमीच्या शाळेच्या लायक झाली असं त्याला लिहावं लागणार. दहा महिन्यांपूर्वी काहीच येत नव्हतं आणि आता तिसरीच्या लायक, हे वर कुणी मान्य करणार नाही. तपासणीत साहेबाला फसवलं असाच अर्थ निघेल. मग अनुदान बंद, दिलेले पैसे परत मागणार, आणि शाळेचं नाव यादीतून कायमचं जाणार. पुढे अर्ज करायचीही सोय राहणार नाही. मुलं नऊ होण्याचा प्रश्न तर वेगळाच. "आप ही बताइए, क्या लिखूँ?" त्याने पेन उघडून हातात धरलं होतं. "तब का सच लिखूँ, कि अब का?"

आणि तेव्हा माझी मुलगी खुर्चीवरून उठली, टेबलाला हात टेकले आणि बाबूला तिने आपलं नाव सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. मग वडिलांचं नाव, सेक्टर, सडक, क्वार्टर, सगळं एका दमात. मग त्याच्या टेबलावरचा फायलींचा ढीग वरून खाली मोजला आणि म्हणाली, "ग्यारह हैं." हे सगळं हिंदीत, तिच्या केरळी सुरात. बाबूशी हिंदीत बोलायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिला कळलं होतं. तिला किती कळतं हे त्या खोलीत त्या क्षणी मला एकटीला ठाऊक होतं.

बाबूने पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, काळजी होती. आता आईनेही खरं सांगितलं तर मला लिहावंच लागेल, अशी काळजी.

मला तो वण दिसला. मला दोरे कापणारी ती पोर खुर्ची पुसताना दिसली. मी म्हटलं, "रटा हुआ है भैया. बस बोल देती है. समझती नहीं."

बाबूने मान हलवली, सुटल्यासारखी. फाइलीला फीत बांधली आणि टीसी बिनशिक्क्याची माझ्या हातात परत दिली. मुलीला टेबलाच्या खणातली एक चॉकलेटची गोळी दिली. तिने घेतली नाही.

येताना टेम्पोत गर्दी होती. ती माझ्या मांडीला टेकून बसली होती आणि या वेळी पाट्या वाचत नव्हती. गाडी अशी खडखडत होती, की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येऊ नये. तिने माझी बाही ओढली.

"आई."

"काय बेटा?"

"मले समजते."

मी म्हटलं, "हो बेटा. मले माहीत आहे."

"मग तसं काहून सांगितलं?"

अठरा वर्षांची होईपर्यंत ती त्याच जागेवर बसली. आता दुर्गमधल्या पद्मनाभपुरात आमच्या घरी ती माझ्याआधी उठते आणि पेपरमधली मोठी अक्षरं मला वाचून दाखवते. पण त्या टेम्पोत मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. घर आलं. तिने हातपाय धुतले, ताटावर बसली आणि माझ्याकडे बघत वाट पाहत राहिली. मी वरण वाढलं. अजून मी तिला सांगितलेलं नाही.